मलम, लेसर आणि दुपारची आंघोळ

कॉलेज रोडवरच्या डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढता काढता विचारलं, "मग, मलम लावणार की लेसर करून टाकू या?" साधा डोसा की मसाला डोसा, याच सुरात. मी अजून टेबलावर आडवी होते. सलवारीची नाडी बांधायच्या आत त्यांना माझा निर्णय हवा होता, कारण बाहेरच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या.

मी म्हटलं, "आधी झालंय काय ते तरी सांगा."

झालं होतं ते असं. आंघोळ करताना नको त्या जागी हाताला काहीतरी खरखरीत लागलं. आधी एक होतं, मग शेजारी दुसरं आलं, मग बारीकबारीक फोडांचा झुबकाच झाला, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा. मी आधी उष्णता समजून सब्जा प्यायले. मग कामाला जाताना सिन्नरच्या बसमध्ये रेक्झिनच्या सीटवर घाम येतो म्हणून पावडर फासली. बी.कॉम. झालेल्या बाईने इतका अडाणीपणा करावा याची मला आजही लाज वाटते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही चामखीळच आहे, फक्त जागा अडचणीची. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, शरीरसंबंधातून येतो.

"म्हणजे नवऱ्याकडून?"

"कोणाकडून आणि कधी, ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं अंगात गप्प बसून राहतो आणि मग एक दिवस उगवतो. त्यांनाही तपासून घ्यायला सांगा मात्र."

माझ्या आयुष्यात नवरा सोडून दुसरा पुरुष आलेला नाही. हे मी सतीपणाच्या थाटात सांगत नाही. पहाटे उठून डबे भरणाऱ्या आणि सिन्नरची बस धरणाऱ्या बाईला तेवढी सवडच नसते. पण त्यामुळे डॉक्टरांकडे नसलेलं उत्तर माझ्यापाशी होतं, आणि ते घेऊन मी घरी कशी जाणार होते हा खरा प्रश्न होता.

बाईंनी मग दोन्ही उपाय नीट समजावले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मलम घरी लावायचं. आठवड्यातून तीनदा, झोपताना, आणि सकाळी साबणपाण्याने धुऊन टाकायचं. ते चामखीळ जाळत नाही, अंगातल्या प्रतिकारशक्तीला तिथे बोलावून आणतं. म्हणून वेळ लागतो, तीन-चार महिनेसुद्धा. कातडी लाल होते, जळजळते, सोलते. लेसर म्हणजे भूल देऊन एका बैठकीत सगळं जाळून टाकायचं. काम लगेच होतं, पण जखम भरायला दोन-तीन आठवडे जातात, आणि सोबत कोणीतरी जबाबदार माणूस लागतो. विषाणू मुळासकट दोन्हींनी जात नाही. चामखीळ परत येऊ शकते, यानेही आणि त्यानेही. कर्करोग करणारे प्रकार बहुतेक वेगळे असतात, तरी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यायची, ती त्यांनी तेव्हाच केली.

जबाबदार माणूस हे शब्द ऐकल्याबरोबर मी म्हटलं, "मलम द्या."

आता हे घर कसलं ते सांगते. माझं माहेर मनमाडचं, रेल्वेच्या क्वार्टर्समधलं. तिथे माझी आई पाळीतसुद्धा लोणच्याच्या बरणीत हात घालायची आणि आमचं लोणचं कधी नासलं नाही. लग्न होऊन आले पंचवटीत, गोदाघाटावर यात्रेकरूंचे विधी करणाऱ्यांच्या घरात. घर म्हणजे लिफ्टच्या इमारतीतला फ्लॅट. पाण्याला फिल्टर, दाराला कॅमेरा, विधींचं बुकिंग मोबाइलवर. आणि मागच्या बाल्कनीला लागून एक अंधारी खोली, बाजूला बसायची. महिन्यातले चार दिवस मी दिवसभर सिन्नरच्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये जीएसटीची रिटर्न भरायची आणि संध्याकाळी घरी येऊन त्या खोलीत चटईवर बसायची. बसमध्ये माझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या बायका कुठल्या दिवसात होत्या, हे सासूबाईंनी कधी विचारलं नाही. त्यांचं सोवळं लिफ्टपासून सुरू व्हायचं.

त्या खोलीच्या कोपऱ्यात माझा पत्र्याचा डबा असायचा. पॅड, जुने कपडे, चार दिवसांचं माझं सामान. तो डबा महिनाभर तिथेच, आणि माझ्याखेरीज कोणी त्याला शिवायचं नाही. चुकून पाय लागला तरी डोक्यावरून आंघोळ. गीझरने या लोकांचा धर्म फार सोपा करून ठेवलाय.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो सोफ्यावर बसून कुठल्याशा यात्रेकरूला मुहूर्त पाठवत होता. मान वर न करता म्हणाला, "मला काही नाही."

"तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाल्या."

"काही नाहीच तर तपासायचं काय?" मग मोबाइल बाजूला ठेवला. "हे बघ, तू रोज बाहेर जातेस. बाहेर जाणाऱ्या बाईला बाहेरचंच काहीतरी लागणार. तिथलं बाथरूम कोण कोण वापरतं, कोणाकोणाशी ऊठबस असते, मला काय माहीत?"

मी म्हटलं, "बाथरूममधून हे येत नाही."

"मग कशातून येतं?" असं विचारून तो माझ्याकडे बघत राहिला. मी काय उत्तर देणार, याची वाट बघत. विचारणारा तो आणि आरोपी मी.

मग त्याने दोन हुकूम सोडले. औषध घरात कुठेही दिसता कामा नये, ठेवायचंच तर तुझ्या त्या डब्यात ठेव. आणि बरं होईपर्यंत नैवेद्याच्या स्वयंपाकाला हात लावायचा नाही. "आईला मी सांगतो, बायकांचं काहीतरी आहे म्हणून."

नैवेद्याचा स्वयंपाक चुकला याचं मला काडीचं दुःख नव्हतं. पुरण वाटायला हात कोणाचेही चालतात. पण पुढे चंपाषष्ठी होती. आमच्या घरी खंडोबा. त्या दिवशी पुण्याचे दीर, चांदवडच्या आत्या, चुलते, त्यांच्या सुना, सगळे जमतात. घरातल्या सुनेने बाजरीचे रोडगे थापायचे, वांग्याचं भरीत करायचं, आणि घरातल्या मोठ्या मुलाने सगळ्या पुरुषांसोबत येळकोट करत तळी उचलायची. त्या दिवशी मी बाजूला बसलेली दिसले असते, तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं, आणि नवऱ्याकडे कारण तयार होतं. बाहेर जाते ना ती. एकदा हे वाक्य चांदवडच्या आत्यांच्या कानात गेलं, की माझ्या नावाचं मातेरं व्हायला संध्याकाळ पुरली असती. तेव्हा गणपती नुकतेच उठले होते. चंपाषष्ठीच्या आत, कोणाला न कळता, मला बरं व्हायचं होतं. म्हणून मलम. मलमाला फक्त मी लागत होते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. मलमाच्या एकेका वेळच्या इवल्याशा पुड्या येतात, चटणीच्या पाकिटासारख्या. आरसा घेऊन, पाय भिंतीला लावून लावायचं. ज्याने हे औषध शोधून काढलं त्याने कधी बेडरूमच्या दाराची कडी मोडलेल्या घरात ते लावून बघितलेलं नाही, हे नक्की. पंधरवड्यात आग सुरू झाली. बसमध्ये मी एका कुशीवर कलून बसायची आणि शेजारची बाई विचारायची, "मूळव्याध का?" मी हो म्हणायची. मूळव्याधीला या देशात केवढी प्रतिष्ठा आहे हे मला तेव्हा कळलं. लोक घरगुती उपाय सांगतात, सरकून जागा देतात, आणि तुमच्या चारित्र्यावर कोणी बोट ठेवत नाही.

पुड्या मात्र पुरेनात. खोका महिनाभर जायला हवा होता, तो आधीच तळाला लागायचा. पहिल्यांदा मला वाटलं, आपण वेंधळ्यासारखं जास्त वापरलं. दुसऱ्यांदा मी मेडिकलवाल्याकडे जाऊन तोंड सोडलं. हा गृहस्थ पहिल्या दिवशी चिठ्ठी वाचून माझ्याकडे न बघता कॅलेंडरकडे बघत बोलला होता, आणि खोका आधी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत असा गुंडाळून दिला होता, की रस्त्यावरच्या प्रत्येकाला आत काहीतरी लाजिरवाणं आहे हे कळावं. मी म्हटलं, "अहो, खोक्यात पुड्या कमी भरता का तुम्ही?" तो म्हणाला, "ताई, कंपनीचं सील असतं." मी म्हटलं, "सील मलाही लावता येतं." बिचाऱ्याने तिसरा खोका माझ्यासमोर फोडून दाखवला. बरोबर होत्या.

औषध महागडं होतं. मग मी एकेक पुडी दोनदा पुरवायला लागले.

त्याच सुमारास नवऱ्याची चाल बिघडली. पाय फाकवून चालायला लागला. घाटाच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरायचा, विधी सांगायला बसताना पाटावर उशी घ्यायचा. सासूबाईंनी निदान केलं, की नव्या धोतराची खळ काचते. त्यांनी ते धोतर तीन पाण्यातून काढलं आणि लेकाला खोबरेल तेल दिलं. मला हसू यायचं. एवढा मोठा माणूस, आणि धोतर काचतं म्हणून कण्हतो.

दिवाळी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि नाक मुरडलं. "निम्म्या तशाच आहेत. सांगितलं तसं लावलंत का?"

"पुरवून लावलं. पुड्या संपतात लवकर."

"पुरवून लावायला तो काय साजूक तुपाचा गोळा आहे?" त्या चिडल्याच. "अर्धवट लावून नुसती आग होते, गुण येत नाही. आता एकतर पुन्हा पहिल्यापासून नेमाने तीन महिने लावा, नाहीतर लेसर. विचार करून सांगा."

चंपाषष्ठीला तीन महिने नव्हतेच. लेसर करायचं तर सोबत माणूस हवा, म्हणजे नवराच हवा, आणि तो येणार नव्हता. मी घरी येताना पहिल्यांदा रडले. रिक्षावाल्याने आरसा सरळ करून बघितलं, म्हणून ते रडणंही नीट झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुटी होती. दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, सासूबाई हॉलमध्ये वाती वळत बसल्या होत्या. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. दिवाळीनंतरची नाशिकची थंडी, फरशीवर पाय ठेववत नव्हता.

सासूबाईंनी बसल्या जागेवरून हाक मारली, "आत्ता कसली रे आंघोळ? सकाळी झाली ना?"

आतून आवाज आला, "उकडत होतं."

"या थंडीत? परवाही केलीस. त्याच्या आधीही केलीस. गीझरचा दिवा दिसतो मला. दुपारी सारखा कशाला शिवतोस तू?"

पाणी बंद झालं. नवरा बाहेर आला, तो डोक्यावरून निथळत, ओलं जानवं अंगाला चिकटलेलं. "काही नाही गं," म्हणाला आणि घाईघाईने बेडरूममध्ये गेला, पाय फाकवून.

मी सहज बाथरूममध्ये गेले. साबणाशेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर, माझ्या मलमाची पुडी होती. आईच्या हाकेने घाबरून तो ती तिथेच विसरला होता. पुडी ओली होती. दोन्ही बाजूंनी साबणाने स्वच्छ धुतलेली.

मी तशीच उभी राहिले. मेडिकलवाल्याशी केलेलं भांडण आठवलं. धोतर आठवलं. खोबरेल तेल आठवलं. या घरात त्या डब्याला कोणी शिवत नाही म्हणून मी निर्धास्त होते, आणि तो शिवत होता, डबा उघडत होता, पुडी काढत होता, आणि मग नियमाप्रमाणे आंघोळ करत होता. चोरी करताना सोवळं मोडू दिलं नाही पठ्ठ्याने.

रोग कोणी दिला याचा मला त्या क्षणी राग नव्हता. त्याला स्वतःलाही आधी माहीत नसेल, हे मी मान्य करते. पण मला बाहेरची ठरवून, स्वयंपाकघरातून उठवून, माझ्याच डब्यातलं माझं औषध हा माणूस लावत होता. माझं औषध त्याला चालत होतं. माझा विटाळ तेवढा चालत नव्हता, तो साबण लावून धुतला होता. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मी ती पुडी नेऊन वातींच्या ताटाशेजारी ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली. तो बनियन घालत बाहेर आला आणि दारातच थांबला.

सासूबाई म्हणाल्या, "हे काय?"

"माझं औषध, आई. ज्या आजारासाठी मला नैवेद्याची बंदी आहे ना, त्याचं. माझ्या डब्यातलं. यांना तोच आजार आहे आणि हे माझंच औषध लावतायत. म्हणून दुपारची आंघोळ."

नवरा म्हणाला, "थोडंसंच होतं मला."

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "कधीपासून?"

तो बनियन खाली ओढत राहिला. मग म्हणाला, "गणपतीच्या आधीपासून."

म्हणजे मी सांगायच्या आधीपासून. मला काही नाही, असं म्हणाला तेव्हा त्याला होतं. मग कशातून येतं, असं विचारून माझ्याकडे बघत बसला तेव्हाही होतं.

आता या बाईने लेकाच्या थोबाडीत मारावी, निदान माझ्याकडे एकदा बघावं, अशी माझी अपेक्षा. छे. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्या म्हणाल्या, "तसाच बसून तू गणपतीची प्राणप्रतिष्ठा केलीस?"

सुनेला बंदी घालून स्वतः लपला त्याचं काही नाही. देवाला शिवला, ते भयंकर. पण त्या बाईच्या सोवळ्याला एक गोष्ट आहे, ते माणूस बघत नाही. वाती बाजूला सारून त्या म्हणाल्या, "तिला बंदी तू घातलीस ना? मग तुलाही तीच. चंपाषष्ठीला तळीला हात लावायचा नाही. बाजूला बसायचं." नवरा म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "ते तू बघ," आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

त्याच आठवड्यात मी लेसर केलं. सोबत जबाबदार माणूस म्हणून नवरा आला. पोट धरून बसलेल्या बायकांच्या मधोमध तो उघडलेलं वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता. मला कमरेखाली भूल दिली होती. यंत्राचा बारीक आवाज येत होता आणि केस जळल्यासारखा वास. काम झटपट आटोपलं. लेसर म्हणजे जादू असं सांगणाऱ्यांनी मात्र त्यानंतर एकदा लघवीला जाऊन दाखवावं. आठवडाभर मी कोमट पाण्याच्या टबात बसून दात आवळत होते. मलमाने दोन महिने थोडीथोडी आग केली, लेसरने आठवड्यात सगळं उरकलं, आणि परत येणारच नाही अशी हमी दोघांपैकी कोणीच दिली नाही. मलमाने काम केलंच असतं, त्याच्यावर माझा राग नाही. ते एका बाईसाठी दिलं होतं आणि दोन माणसं लावत होती. नवऱ्याला डॉक्टरीणबाईंनी कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि तिथून त्याला त्याचा स्वतःचा खोका मिळाला. सासूबाईंनी मला कसं वाटतंय हे एकदाही विचारलं नाही. सकाळ-संध्याकाळ गीझर मात्र लावून ठेवलेला असायचा.

चंपाषष्ठीपर्यंत जखमा भरल्या. मी ओट्याशी उभी राहून रोडगे थापत होते. हॉलमध्ये येळकोट झाला, धाकट्या दिराने तळी उचलली. नवरा धुतलेलं धोतर नेसून मागच्या बाल्कनीजवळ, त्या अंधाऱ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. सगळे जण त्याच्याकडे बघत होते आणि तो फरशीकडे.

चांदवडच्या आत्यांना राहवलं नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, हा असा बाजूला का बसलाय? झालंय तरी काय त्याला?"

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हाताचं बाजरीचं पीठ झटकलं आणि त्यांच्याइतक्याच मोठ्याने म्हटलं, "विशेष काही नाही, आत्या. बायकांचं काहीतरी झालंय त्यांना."